बारा कडव्यांची विहीर

त्या उन्हाळ्यात रानातली हरणं इतकी धीट झाली की चौकीमागच्या मोरीपाशी येऊन भांडी घासलेलं पाणी चाटायला लागली. सून भांडी घेऊन बसली की सात-आठ पावलांवर उभी राहायची, पंगत उठायची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखी. उतावीळ, पण भिडस्त. त्यांच्यात एक नर होता, कुठल्याशा झुंजीत एक शिंग मोडून घेतलेला. घरात त्याला एकशिंग्या म्हणायचे. त्याला मात्र भीडभाड नव्हती. सुनेनं शेवटचं ताट विसळून ठेवायच्या आत तो ओल्या दगडाला जीभ लावायचा.

“राख जरा बेतानं लाव गं,” सासू आतून म्हणाली. “त्यांच्या जिभेला झोंबते.”

“म्हणजे आता भांडी हरणांना विचारून घासू का, आई?”

“विचार की. भांडी तुझी, पाणी त्यांचं.”

सून हसली. सासूचं बोलणं असंच. देवाचं आणि रानाचं ती एकाच दमात बोलायची, जसे काही दोघं एकाच घरात नांदतात. सकाळी उठून हात जोडले की आधी वर आभाळाकडे बघायची, मग समोरच्या झाडांकडे, आणि मग चूल पेटवायला सांगायची.

चौकी म्हणजे एक खोली. वर पत्रा, खाली ओबडधोबड फरशी, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात खरखरणारा वायरलेस, आणि भिंतीवरच्या खिळ्याला एकाच डोळ्यानं दिसणारी दुर्बीण. नवरा राखीव रानाचा पहारेकरी. वरचा सगळा पट्टा त्याच्या अंगावर. रानडुकरांनी कुठे उकरलं, बिबळ्या कुठल्या वाटेनं गेला, साळिंदरानं काटे कुठे टाकले, हे रोज पायी फिरून बघायचं आणि वहीत लिहायचं. पाच वर्षं तो हे करत होता, आणि त्याला दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

पण दोन वर्षं पावसानं हात आखडता घेतला होता. ओढा आटला. जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा पाणवठा तडकून पडला होता, आणि त्यात पाणी ओतायला टँकर आणावा तर चढावर त्याची चाकं जागच्या जागी फिरत. उरला एक झरा, अर्ध्या तासाच्या वाटेवर, खडकाच्या फटीतून ठिबकणारा. तिथे घागर भरायला बसलं की पायाला मुंग्या येऊन जायच्या तरी पाणी घागरीच्या गळ्याशी यायचं नाही. सून रोज दोन खेपा करायची. एक घागर माणसांना, एक मोरीतून हरणांना.

सोमवारी सकाळी खालून जीप आली. जीपमधून मॅडम उतरल्या. राखीव रानाच्या या भागाच्या अधिकारी त्या. वयानं सुनेहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. मागोमाग मुकादम उतरला. बाकीचे मजूर पायी येत होते. मुकादम म्हणजे पोट पुढे आणि शब्द त्याच्याही पुढे. मॅडमनी हातातला कागद पहारेकऱ्याला दिला नाही, स्वतःच वाचून दाखवला. बहुतेक द्यायला जड गेला असावा.

कागदाचा अर्थ सरळ होता. वरच्या पट्ट्यात पाणी नाही. जनावरांना खालच्या अंगाला, फाटकाजवळच्या तळ्याकडे वळवायचं. शनिवारी चौकीला कुलूप. पहारेकऱ्याची बदली फाटकावर, तिकीट खिडकीत. राहायला तिथल्याच पत्र्याच्या चाळीत एक खोली.

“तिकिटं फाडायला?” नवरा एवढंच बोलला.

“सावलीत बसून काम,” मुकादम म्हणाला. “पंखा आहे. नशीब काढलंस.”

नवऱ्यानं मान खाली घातली. सुनेला त्याच्या पायांतले बूट दिसले. रान तुडवून तुडवून त्यांचे टाचेकडचे कोपरे पार गोल झाले होते. तिकीट खिडकीत बूट कुणाला दिसणार?

पण तिचं खरं लक्ष सासूकडे होतं. सासू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. या पट्ट्यातच एकेकाळी वस्ती होती, तीस-चाळीस घरांची. सासू तिथे लग्न होऊन आली होती. छत्तीस वर्षांपूर्वी हे रान राखीव झालं, तेव्हा सगळ्यांना खाली सडकेकडेला जमिनी मिळाल्या आणि वस्ती उठली. त्यानंतर तिला या रानात पाऊल टाकायला मिळालं ते मुलगा पहारेकरी झाल्यावर. पहारेकऱ्याच्या घरच्यांना चौकीत राहायची मुभा होती. चौकी बंद म्हणजे मुभा बंद. एकदा उठून गेलेल्या बाईला पुन्हा उठावं लागणार होतं, आणि या खेपेला परत यायची वाट नव्हती.

सासू रडली नाही, भांडली नाही. तिनं चहा पुढे केला आणि नवल वाटल्यासारखं विचारलं, “पण मॅडम, पाणी नाही कसं? आमची विहीर आहे की.”

मॅडमनी कप खाली ठेवला. “कुठली विहीर?”

“वस्तीची. कधी आटली नाही ती. आम्ही निघालो त्या दिवशी आमच्या ह्यांनी आणि आणखी चौघांनी तिच्या तोंडावर तीन मोठ्या शिळा टाकल्या. वर माती लोटली. आता इथे कुणी राहणार नाही, एखादं पाडस पडलं तर काढणार कोण, म्हणून. माझ्या एकट्या पोराला त्या हलायच्या नाहीत, म्हणून आजवर बोलले नाही.”

मॅडमनी जीपमधून नकाशा आणून दुर्बिणीखाली जमिनीवर पसरला. त्यात या जागी हिरवा रंग होता आणि ‘पट्टा चौदा’ असं लिहिलं होतं. वस्ती नव्हती, वाट नव्हती, विहीर तर नव्हतीच.

“फाटकाजवळच्या खोलीत मी या रानाची माहिती लावतेय,” मॅडम म्हणाल्या. “झाडं, पाखरं, जनावरं, सगळं. इथे माणसं होती हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत,” सासू गोड आवाजात म्हणाली.

“बरं, आता विचारते. विहीर कुठे आहे?”

“आमच्या उंबऱ्यावर उभं राहायचं. डोंगराची खाच नाकासमोर धरायची. आणि बारा कडवी चालायचं.”

“बारा काय?”

“कडवी. गाण्याची. पाण्याच्या वाटेवर आम्ही गाणं म्हणायचो. बारा कडव्यांत वाट संपायची.”

मुकादमाला ठसका लागला. “मॅडम, मी वीस वर्षं जमिनी मोजतोय. गज ऐकलाय, साखळी ऐकली, मीटर ऐकला. कडवं कधी मोजपट्टीवर बघितलं नाही.”

“तुमची पट्टी मध्ये लोंबकळते, मुकादम,” सासू म्हणाली. “माझं गाणं लोंबकळत नाही.”

मॅडम हसल्या. हसता हसताच त्यांनी ठरवलं असावं. “शनिवारपर्यंत माझ्या हातात आहे. मुकादम, तुम्ही आणि चार माणसं इथेच थांबा. शनिवारी मी येते. विहीर सापडली आणि तिला पाणी असलं, तर चौकी राहील.” आणि जीप धूळ उडवत उतरली.

दुपार कलल्यावर सगळे जुन्या वस्तीवर गेले. चौकीपासून दहा मिनिटांची वाट; पण सासूला गुडघ्यांमुळे अर्धा तास लागला. सुनेनं तिचा दंड धरला होता. जमीन सपाट होती, आणि सासू चालता चालता दाखवत होती.

“हे गवत बघ. इथे मळणी व्हायची. जमीन शेणानं सारवून अशी गुळगुळीत केलेली की नख लावलं तर घसरावं. आता हरणं चरतात. आणि ती उंबराची झाडं, ती आम्ही लावली. सावलीला. आता पाखरांना झाली.”

“तुमची सोय गेली म्हणायची,” मुकादम म्हणाला.

“गेली कुठे? वाटून घेतली.”

घरांच्या जागी मातीचे उंचवटे उरले होते आणि त्यांवर झुडपं. सासूनं काठीनं टोचत टोचत एक उंचवटा धरला. सुनेनं हातानं माती सारली तेव्हा उंबऱ्याचा दगड निघाला, मधोमध पाय पडून पडून खोलगट झालेला. सासूनं वाकून त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. चुलीच्या जागी साळिंदरानं बीळ केलं होतं. “राहू दे,” सासू म्हणाली. “चुलीपाशी कुणीतरी हवंच.”

समोर मात्र वाट नव्हती. काटेरी झुडपांची जाळी, पुरुषभर उंच, एकात एक गुंतलेली. डोंगराची खाच तिच्या वर दिसत होती, म्हणजे दिशा पक्की होती. प्रश्न अंतराचा होता. सगळी जाळी तोडून सगळी जमीन खणायची तर महिना गेला असता.

“तू चाल,” सासू मुलाला म्हणाली. “माझे गुडघे आता गाण्याला पुरत नाहीत. मी इथून म्हणते.”

जाळीच्या कडेनं नवरा चालायला निघाला. सासू उंबऱ्यावर बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. तिचा आवाज म्हातारा झाला होता, पण सूर जागच्या जागी होता.

पहिलं माझं पाऊल पाण्याच्या काठी,
देवा, तुझा हात राहो माझ्या पाठी.

हे गाणं सुनेच्या कानांत इतकं मुरलं होतं की तिला त्यातले शब्द वेगळे ऐकूच यायचे नाहीत. दळताना, निवडताना, अंथरूण घालताना सासूच्या तोंडी हेच. मजुरांतला एकजण होता, त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण कानात बोलला तरी चार झाडांपलीकडे ऐकू जायचं. तोसुद्धा टोपी काढून गप्प उभा राहिला. बारावं कडवं संपलं तेव्हा नवरा लांबवर थांबला आणि त्यानं हात वर केला.

“तिथे!” सासू म्हणाली.

मंगळवार आणि बुधवारची सकाळ वाट तोडण्यात गेली. उंबऱ्यापासून सरळ खाचेच्या रोखानं, दोन माणसं शेजारून जातील एवढीच रुंद. कोयते चालायचे, काटे दंडात शिरायचे, तोडलेल्या फांद्या ओढताना पाठी सोलून निघायच्या. सून मागे राहून फांद्या गोळा करायची. तिच्या तळहाताला दोन दिवसांत इतके काटे भरले की सासू संध्याकाळी सुई घेऊन बसायची आणि प्रत्येक काटा काढला की तो दिव्यापाशी धरून बघायची, मोती असल्यासारखा.

वाटेच्या मध्यावर एक सपाट दगड जमिनीतून जरासा वर आला होता, बसायला बेताचा. मुकादमाला तो फार आवडला. सकाळी आला की तिथे बसून डबा सोडायचा, दुपारी तिथेच पाय पसरायचा, आणि कोयता बोथट झाला की त्याच दगडाच्या कडेवर घासायचा.

“एवढं मात्र खरं,” तो म्हणाला, “रान मोठं मायाळू आहे. पाणी नाही, पण बसायला पाट दिलाय.”

बुधवारी दुपारी नवऱ्यानं हात वर केलेली जागा मोकळी झाली आणि कुदळी पडायला लागल्या. गुरुवारी दुपारपर्यंत खड्डा कमरेपर्यंत गेला, आणि लांबी-रुंदी खाटेएवढी झाली. निघालं काय? कोरडी माती. एक गुराच्या गळ्यातली गंजलेली घंटा. एका उंदराचं बिऱ्हाड, जे फार रागावून निघून गेलं. शिळा नाही, ओल नाही.

“विहिरीला पाय फुटले असतील,” भोंगा म्हणाला. त्याला ते हळू म्हणायचं होतं.

“पाय नाही फुटले,” मुकादम म्हणाला, “एखादं कडवं विसरलं असेल. म्हातारपणी मला पोरांची नावं आठवत नाहीत, गाणं कुठून आठवणार?”

सासूनं ते ऐकलं. ती उंबऱ्यावरून उठली, काठी टेकत चौकीकडे निघाली आणि वाटेत एकदाही काही दाखवलं नाही. संध्याकाळी तिनं ताट पुढे ओढलं आणि तसंच मागे सारलं.

“मीच खोटी पडले गं,” ती म्हणाली. “बारा म्हणते खरी. दहा असतील. पंधरा असतील. बरोबरीच्या बायका असत्या तर विचारलं असतं. एकेक करत सगळ्या देवाघरी गेल्या.”

“आई, तुम्ही बारा म्हणालात म्हणजे बारा.”

“मग विहीर कुठे आहे?”

नवरा दारात बसून बुटांना तेल लावत होता. बदली होणार असली तरी लावत होता.

शुक्रवारी सकाळी सून झऱ्यावर गेली. घागर भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर चढवली आणि परत निघाली. चालता चालता तिचं तिलाच कळलं नाही आणि ती गुणगुणायला लागली. भरली घागर डोक्यावर असली की तिला गाणं सुचायचंच; पावलांना ताल मिळायचा, आणि ताल सुटला नाही की पाणी सांडत नाही.

सातवं माझं पाऊल, मान झाली ताठ,
देवा, तुझ्या नावानं सरू दे ही वाट.

“अगं, थांब!” मागून नवऱ्याची हाक आली. तो फेरीवरून परत येत होता. “मागे बघ, तुझ्या मागून कोण येतंय!”

“कोण?”

“बघ तर खरं!”

“कशी बघू? डोक्यावर घागर आहे. मान वळली की निम्मी सांडेल.”

नवरा हसत पुढे आला. “एकशिंग्या आहे. थेंब पडले तिथली माती हुंगत येतोय.”

पण सुनेनं ते ऐकलं नाही. ती जागच्या जागी उभी राहिली होती. मान वळत नाही. मान झाली ताठ. ताठ कधी होते? घागर भरलेली असते तेव्हा. आणि पहिलं पाऊल कुठे? पाण्याच्या काठी.

“अहो,” ती म्हणाली, “हे गाणं जातानाचं नाही. येतानाचं आहे.”

“काय?”

“घरी चला. पटकन चला. नाही, मला पटकन चालता येत नाही. तुम्ही पुढे जा आणि आईंना विचारा, पाण्याला जाताना बायका काय करायच्या?”

नवऱ्याला काही कळलं नाही, पण चार वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की बायकोचा आवाज असा झाला की विचारत बसायचं नाही. तो धावला. सून पोहोचली तेव्हा सासू दारात येऊन उभी होती.

“जाताना काय करायच्या म्हणजे?” सासू म्हणाली. “गप्पा मारायच्या. रिकाम्या घागरी कमरेला, तोंडं एकमेकींकडे. सासूच्या तक्रारी, नवऱ्याच्या तक्रारी. तेवढाच वेळ मिळायचा मेला. येताना डोक्यावर ओझं, मान वळत नाही, बोलायचं कुणाशी? म्हणून मग...” आणि ती थांबली. तोंडावर हात गेला. “अगं बाई!”

“वाट तीच ना,” नवरा म्हणाला. “जाताना काय, येताना काय.”

“वाट तीच,” सून म्हणाली, “पण चाल ती नाही. तुम्ही रिकाम्या हातानं चाललात, बूट घालून, ढांगा टाकत. भरली घागर घेऊन बाई अशी चालते का? बारा कडव्यांत तुम्ही विहीर ओलांडून कुठल्या कुठे गेलात.”

सासू खुदकन हसली. काल संध्याकाळपासून पहिल्यांदाच. “देवा रे! छत्तीस वर्षं झाली बघ, घागर उतरली आणि मी तिचं वजनच विसरले.”

जुन्या वस्तीवर मजूर अवजारं बांधून बसले होते. सून भरली घागर घेऊन उंबऱ्यावर येऊन उभी राहिली तेव्हा मुकादम आपल्या दगडावर बसून डबा खात होता. नवऱ्यानं ओरडून सगळं सांगितलं.

“आधी गाण्यानं मोजलं, आता घागरीनं,” मुकादम घास चावत म्हणाला. “उद्या पोळपाटानं मोजा. आणि ते पाणी सांडलं तर आज प्यायचं काय?”

तो प्रश्न खरा होता. घागरीत घरादाराचं दिवसभराचं पाणी होतं. सुनेनं सासूकडे बघितलं, म्हणजे नुसते डोळे फिरवले. मान फिरवता येत नव्हती.

“चाल,” सासू म्हणाली. “गाणं उलटं म्हणू नकोस. फक्त वाट उलटी. आणि घाई करू नकोस, ओझं चालवेल तशी चाल.”

सुनेनं खाच नाकासमोर धरली, चपला काढल्या आणि पहिलं पाऊल टाकलं. मागून सासूनं सूर दिला, तिनं तो उचलला. नवी तोडलेली वाट, खाली बोचरे खुंट. पाऊल आधी चाचपायचं, मग टेकायचं, मग भार द्यायचा. एका ओळीला एक श्वास. तिसऱ्या कडव्याला घाम भुवयांत उतरला. पाचव्याला घागर डचमळली आणि चार थेंब कानामागून गळ्यात गेले. सातव्याला मान खरोखरच ताठली, दुखायला लागली, आणि तिला वाटलं, माझ्याआधी किती बायकांच्या माना इथेच, याच जागी, याच शब्दाला दुखल्या असतील. मग तिला एकटं वाटलं नाही. मागे पुढे रांग होती. मजूरही मागून यायला लागले. भोंगा गाणं म्हणत होता आणि त्याला ते कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटत होतं.

बारावं माझं पाऊल उंबऱ्याशी आलं,
देवा, तुझं पाणी तुझ्या लेकरांचं झालं.

ती थांबली. समोर, अगदी पावलांपाशी, मुकादम बसला होता.

“उठा, मुकादम,” ती म्हणाली.

“का?”

“तुम्ही विहिरीवर बसलाय.”

मुकादम हसला. मग त्यानं आपल्या बुडाखालच्या दगडाकडे बघितलं. तीन दिवस घासून त्याच्या कडेला कोयत्याची चकाकती रेघ पडली होती, आणि ती कडा सरळ होती, माणसानं घडवल्यासारखी. हसू त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं. तो डबा घेऊन असा उठला की जसं काही देवळात चप्पल घालून आल्याचं आत्ताच ध्यानात आलं.

नवऱ्यानं हातांनीच माती उकरायला सुरुवात केली. पहिल्या शिळेशेजारी दुसरीची कड लागली. मग पहारी आल्या. चौघं एका बाजूला, मुकादम स्वतः दुसऱ्या बाजूला, अंगरखा काढून, पोट पुढे घालून. “घाला जोर! अजून! श्वास सोडू नका!” शिळा तसूभर हलली, अडली, आणि करकरत बाजूला सरली.

आतून गारवा आला. छत्तीस वर्षं कोंडलेला, ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास असलेला गारवा. नवऱ्यानं एक खडा उचलून आत सोडला. सुनेनं श्वास धरला.

डुबुक.

“जय हो!” भोंगा ओरडला आणि उंबरांवरची सगळी पाखरं एकदम उडाली. आतून एक बेडूक नाराजीनं बोलला. मुकादमानं डोक्याला हात लावला. “तीन दिवस,” तो म्हणाला, “तीन दिवस पाण्यावर बसून पाणी नाही म्हणून रडत होतो.”

सासू मागून काठी टेकत येत होती. तिला यायला वेळ लागला, पण सगळे थांबले, कुणी दोर सोडला नाही. ती काठावर आली, वाकली आणि आत बघितलं.

“आहेस ना?” तिनं विहिरीला विचारलं. मग मुकादमाकडे वळून म्हणाली, “बसा की. पाट का सोडलात?”

मुकादमानं कान धरले. “आई, तुमची पट्टी बरोबर. माझी लोंबकळली.”

त्याच दुपारी मुकादमानं माणसांना सोडलं नाही. विहिरीशेजारी झुडपांत गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी होती. तीही सासूनंच दाखवली. ती साफ झाली, तिची एक फुटकी बाजू चिखल-दगडांनी लिंपली गेली, आणि पाडस पडू नये म्हणून विहिरीभोवती ओंडक्यांचं कुंपण झालं. पहिल्या दहा बादल्या गढूळ आल्या. अकराव्या बादलीत आभाळ दिसलं.

शनिवारी मॅडम आल्या. त्यांनी विहीर बघितली, पाणी ओंजळीत घेतलं, आणि तिथेच उभ्या उभ्या कमरेच्या वायरलेसवर कार्यालयाला कळवलं की वरचा पट्टा चालू राहील, चौकी चालू राहील, पहारेकरी हलणार नाही. नवऱ्यानं सलाम ठोकला तो इतका जोरात की टोपी पडली.

मग मॅडमनी नकाशा काढला, हिरव्या रंगात एक छोटा गोल केला आणि फॉर्म भरायला घेतला. “जुन्या वस्तीपासून अंतर?”

मुकादमानं टेपनं मोजून सांगितलं. मॅडमनी आकडा लिहिला. मुकादम तिथेच घुटमळला.

“काय हो?”

“नाही, म्हणजे... खाली तेही लिहा, मॅडम. नुसता आकडा लिहिला तर उद्या कुणाला सापडायची नाही.”

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग सासूकडे, आणि आकड्याखाली नीट अक्षरात लिहिलं: भरल्या घागरीनं बारा कडवी.

“फाटकाजवळच्या त्या खोलीत,” त्या सासूला म्हणाल्या, “जनावरांच्या शेजारी एक भिंत मोकळी ठेवलीय. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मळणीची जागा, उंबरं, सगळं.”

“सांगेन की,” सासू म्हणाली. “पण पाण्याच्या वेळी नाही. तेव्हा मला काम असतं.”

काम म्हणजे उंबऱ्यावर बसणं. रोज दिवस कलला की ती तिथे जाऊन बसायला लागली. सून विहिरीवर जायची, आधी कुंडी काठोकाठ भरायची, मग घरची घागर, आणि ती डोक्यावर चढवून उंबऱ्याकडे निघायची. गाणं आता सरळ झालं होतं. पाण्याच्या काठी सुरू व्हायचं आणि उंबऱ्याशी संपायचं.

एका संध्याकाळी ती चौथ्या कडव्यापर्यंत आली असेल, तेव्हा मागे पाचोळा वाजला. मग खुरांचा आवाज, एक, दोन, पुष्कळ. मग पाण्यात तोंडं बुडाल्याचा.

“आई!” तिनं गाणं मध्येच थांबवलं. “मागे कोण कोण आलंय?”

“वळू नकोस, सांडेल,” सासू उंबऱ्यावरून म्हणाली. “तू चाल. मी सांगते. दोन माद्या आहेत. एकीच्या पायांत पाडस आहे, एवढंसं, त्याला कुंडी उंच होतेय. आता त्यानं पुढचे पाय कडेवर ठेवले. पोहोचलं. त्यांच्या मागे रानडुकरीण, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं घेऊन. मोजू कशी, एक जागी उभी राहतील तर शपथ. उंबरावर दोन माकडं बसलीत, आपला नंबर कधी म्हणून.”

“आणि एकशिंग्या?”

“तो सगळ्यांत आधी आलाय. त्याला कुठली रांग?”

सून हसली, घागर हलली, चार थेंब कानामागून उतरले. तिनं खाचेकडे पाठ आणि सासूकडे तोंड ठेवून ताल पुन्हा धरला. आठ, नऊ, दहा. मागे पाणी पिण्याचा आवाज चालूच होता. बाराव्या कडव्याला तिचा पाय उंबऱ्याच्या खोलगट दगडावर पडला आणि दोघींनी मिळून शेवटची ओळ म्हटली.

सासूनं उठून घागरीला हात दिला, खाली उतरवली. सुनेची मान मोकळी झाली. पण तिनं लगेच वळून बघितलं नाही.

“सगळे प्यायले का?” तिनं विचारलं.

“सगळे प्यायले,” सासू म्हणाली. “एकशिंग्या अजून पितोय. आगाऊ मेला.”